डॉज सिटीची गप्प मिनिटं परत द्या

जुन्या वेस्टर्न मालिकांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत ते स्टुडिओ, आणि त्या मालिका आजही दाखवणाऱ्या वाहिन्या व ओटीटी कंपन्या यांस,

स. न. वि. वि.

मी कॅन्सस राज्यात विचिटाला 1978 पासून राहतो. नोकरीची सगळी वर्षं विमानाच्या भागांची ड्रॉइंग तपासण्यात गेली, आता निवृत्त आहे. या पत्राची इंग्रजी प्रत तुम्हाला वेगळी पाठवली आहे. मूळ पत्र मात्र मराठीतच लिहितो आहे, कारण ज्या मालिकेबद्दल लिहायचं आहे ती मी माझ्या आईशेजारी बसून, मराठीतून पाहिली. माझ्या भाषेतल्या लोकांनीही हे वाचावं, अशी इच्छा आहे.

तक्रार थोडक्यात सांगतो. तुम्ही 'गनस्मोक' ही जुनी अमेरिकन वेस्टर्न मालिका कापून दाखवता, आणि त्यातलं जे सगळ्यात मोलाचं आहे नेमकं तेच कापता.

गेल्या महिन्यात एका वाहिनीवर तिचा पहिला भाग लागला होता, 10 सप्टेंबर 1955 चा. डॅन ग्रॅट नावाचा बंदूकबाज कॅन्ससमधल्या डॉज सिटीत येतो. त्याचा हात मार्शल मॅट डिलनपेक्षा चपळ आहे. समोरासमोर गाठ पडते आणि मालिकेचा नायक पहिल्याच भागात गोळी खाऊन रस्त्यावर पडतो. पुढे खाटेवर पडल्या पडल्या मॅट विचार करत राहतो, की हा माणूस जिंकतो कसा? त्याला उमगतं, की ग्रॅट झटपट आहे पण नेम धरणारा नाही, म्हणून तो आधी अगदी जवळ येतो आणि मगच बंदूक काढतो. पुढच्या वेळी मॅट अंतर राखतो. गोष्ट एवढीच.

माझ्याकडे या भागाची डीव्हीडी आहे. तीवर तो 26 मिनिटांच्या आसपास चालतो. वाहिनीवर घड्याळ लावून बसलो, जाहिराती वगळून 21 मिनिटं भरली. मग दोन्ही शेजारी शेजारी लावून, कुठे काय गेलं ते वहीत टिपलं. आयुष्यभर ड्रॉइंगमधला मिलिमीटर शोधण्याचं काम केलं, त्यामुळे ही सवय आहे. बोलणं जवळपास सगळं शाबूत होतं. माणूस रस्त्यावरून चालत येतो ते अर्धं गेलेलं. मॅट खाटेवर नुसता पडून छताकडे बघतो ते गेलेलं. गोळीबारानंतर बघ्यांपैकी कोणीच काही बोलत नाही, ते दोन-तीन श्वास गेलेले.

म्हणजे तुमच्या कात्रीला गोष्ट कळते, थांबणं कळत नाही. आणि या मालिकेत थांबण्यातच सगळं होतं.

हे मला आईने दाखवलं.

आई ऑक्टोबर 1986 ते एप्रिल 1987 अशी सहा महिने आमच्याकडे राहिली. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं. ते दुष्काळी मुलखात आहे, पण गुरं नामांकित, खिलार. आईला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. बायको इस्पितळातल्या प्रयोगशाळेत, मुलगी शाळेत, आणि माझी दुसरी पाळी, त्यामुळे दुपारी घरात आम्ही दोघंच. बाहेर बर्फ. आई दोन स्वेटर आणि वर शाल गुंडाळून कार्पेटवर बसायची, पुढ्यात परात, परातीत तांदूळ. इथल्या तांदळात खडा सापडत नाही हे तिला पटवणं मी सोडून दिलं होतं. टीव्हीवर एक वाजता एक स्थानिक केंद्र 'गनस्मोक'चे जुने भाग दाखवायचं.

पहिले दोन दिवस मी वाक्या-वाक्याचं भाषांतर करत होतो. तिसऱ्या दिवशी तिने हाताने गप्प केलं.

"आरं थांब की. मधी मधी बोलू नगंस. त्यो काय करतोय त्ये बघू दे."

"अगं पण तो काही बोलतच नाहीये आत्ता."

"मग मला कळतंय की."

खरंच कळत होतं. मॅट डिलनला ती फौजदार म्हणायची. डॉक अ‍ॅडम्स म्हणजे डाक्टर, आणि मॅटच्या मदतनीस फेस्टसला नाव नव्हतंच, नुसतं 'त्ये खेचरवालं'. डॉक आणि फेस्टस सलूनमध्ये एकमेकांना टोचून बोलू लागले की ती एकही शब्द न कळता हसायची, आमच्या गावच्या पारावरही असे दोघे होते म्हणून. मिस किटीबद्दल पहिल्या आठवड्यात तिचं मत बरं नव्हतं. बाई असून गुत्ता चालवते म्हणजे काय. मग एका भागात मॅट रात्री उशिरा दमून येतो, किटी काही न विचारता पेला पुढे ठेवते आणि समोर बसून राहते. आईचे हात परातीत थांबले. "हिचं त्याच्यावर मन हाय," ती म्हणाली. मी सांगितलं, की ही मालिका 20 वर्षं चालली आणि त्यांनी एकदाही तसं उघड बोलून दाखवलं नाही. आईला नवल वाटलं नाही. तिच्या पिढीतली किती लग्नं एकही असा शब्द न बोलता पन्नास वर्षं टिकली होती.

तुम्ही आज कापता ते हे. पेला ठेवण्याआधीचं आणि ठेवल्यानंतरचं.

एक प्रसंग सांगायलाच हवा. मार्शलचं काम करणारा जेम्स आर्नेस सहा फूट सात इंच उंच. दारातून वाकून येणारा तो माणूस बघून आई दर वेळी "डोस्कं सांभाळ" असं पुटपुटायची. एक दिवस ती म्हणाली, "ह्याचा पाय दुखतोय. घोड्यावर चढताना बघ." मला कधी जाणवलं नव्हतं. पण मी वाचलेलं होतं, म्हणून सांगितलं: दुसऱ्या महायुद्धात हा अमेरिकन सैन्यात होता, 1944 मध्ये इटलीत अँझिओला त्याच्या उजव्या पायाला गोळ्या लागल्या, आणि ते दुखणं त्याला जन्मभर पुरलं.

आई बराच वेळ गप्प होती. तिचा थोरला भाऊ, माझे मामा, मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि त्याच युद्धात इटलीत लढले होते. मराठा पलटणींनी त्या मोहिमेत दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी. सातारा-रायगडच्या कितीतरी घरांत 'इटली' हा शब्द भूगोलाच्या पुस्तकातून आलेला नाही, पोस्टमनच्या हातून आलेला आहे. मामा परत आले, पण तिथलं काही बोलले नाहीत. विचारलं की उठून गोठ्यात जात.

"कुठला पाय म्हणालास?"

"उजवा."

त्या दिवसापासून ती फौजदाराच्या उजव्या पायाकडे बघायची. घोड्यावरून उतरताना तो जरा थांबतो, खोगिराला हात लावून उभा राहतो आणि मग चालू लागतो, ते तिला रोज बघायचं असायचं. गोष्टीच्या हिशेबाने त्या दीड सेकंदाला काही अर्थ नाही. कापणाऱ्याने ते सगळ्यात आधी कापावं असंच ते आहे.

मला माहीत आहे, तुमचं उत्तर काय येईल. जाहिराती तेव्हाही होत्या. होत्याच, आणि त्याही सिगारेटच्या. पण तेव्हा अर्ध्या तासात साधारण चार मिनिटं जाहिरातींची असायची आणि लेखक उरलेल्या 26 मिनिटांची गोष्ट लिहायचा. आज तुम्ही अर्ध्या तासातून आठ-नऊ मिनिटं विकता, आणि तो फरक साठ-सत्तर वर्षांपूर्वी लिहून झालेल्या गोष्टीतून काढता. एक तासाच्या भागांचंही तेच. काही ठिकाणी तर न कापता चित्रच किंचित वेगाने पळवलेलं आहे. आर्नेसचा खर्जातला आवाज त्यात चिरकतो, आणि घोडे चालतात ते भाड्याच्या सायकलीवर उशिरा निघालेल्या पोरांसारखे. माझे कान आता फारसे चांगले नाहीत, तरी मला ते ऐकू येतं.

ही शांतता कुठून आली तेही सांगतो, कारण ती दिग्दर्शकाच्या आळसातून आलेली नाही. 'गनस्मोक' मुळात रेडिओवरची मालिका होती, 1952 ते 1961. नॉर्मन मॅकडॉनेल आणि जॉन मेस्टन या दोघांनी ती उभी केली, मॅटचा आवाज विल्यम कॉनरॅड यांचा. पोरांच्या घोडेस्वारीच्या गोष्टी सोडून मोठ्या माणसांसाठी वेस्टर्न करायचं, हा त्यांचा आग्रह होता. रेडिओवर चित्र नसतं. म्हणून त्यांनी बूट फळ्यांवर वाजवले, लांब कुठेतरी कुत्रं भुंकवलं, दार करकरवलं, आणि त्या आवाजांच्या मध्ये माणसांना गप्प बसू दिलं. ऐकणाऱ्याला गावाची लांबी-रुंदी कानांनी कळायची. टीव्हीवर येताना मेस्टन यांच्या गोष्टी आल्या, त्यांच्यासोबत ही सवयही आली. सुरुवातीच्या भागांत मॅट गावाबाहेरच्या टेकडीवर, बूट हिलच्या दफनभूमीत एकटा फिरतो आणि आपल्याशीच बोलावं तसं दोन शब्द बोलतो. कुठल्या मालिकेचा नायक आज प्रेतांच्या शेजारून गोष्ट सुरू करतो? मेस्टन यांच्या कितीतरी गोष्टींत मॅट वेळेवर पोचत नाही, किंवा पोचूनही काही करू शकत नाही. तो नुसता उभा राहतो आणि भाग संपतो. ते उभं राहणं काढून टाकलंत तर गोष्टीला शेवटच उरत नाही.

त्या काळात अशा मालिकांचा पूर होता. 1959 च्या सुमारास अमेरिकेत रात्रीच्या मुख्य वेळेत जवळजवळ 30 वेस्टर्न चालू होत्या. 'रॉहाइड'मध्ये टेक्सासहून उत्तरेला निघालेला गुरांचा कळप, त्यात तरुण क्लिंट ईस्टवुड. 'वॅगन ट्रेन', 'मॅव्हरिक', 'द रायफलमन', आणि 12 सप्टेंबर 1959 ला सुरू झालेली 'बोनान्झा'. ती पहिल्यापासून रंगीत, कारण एनबीसी वाहिनीची मालक आरसीए कंपनी होती आणि आरसीएला रंगीत टीव्ही विकायचे होते. सगळ्याच चांगल्या होत्या असं मी म्हणणार नाही. पुष्कळ तर एकाच साच्यातल्या होत्या, एकाच स्टुडिओच्या एकाच रस्त्यावर काढलेल्या. पण बऱ्यांपैकी कुठलीही घ्या, त्यात गोष्ट त्या रात्री सुरू होऊन त्या रात्री संपायची. दाराशी अनोळखी माणूस यायचा, त्याच्यापुढे काहीतरी ठरवायची वेळ यायची, आणि जे ठरलं त्याची किंमत तासाभरात कोणीतरी मोजायचं. कामावरून दमून आलेल्या माणसाला हे फार होतं. मी स्वतः अमेरिकन बोलणं असं शिकलो, की समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायचं, मग थोडं थांबायचं, मग कमी शब्दांत सांगायचं. कारखान्यातले माझे फोरमन कॅन्ससच्या शेतकरी घरातले होते, तेही तसेच बोलायचे.

मार्च 1987 मध्ये, रस्ते मोकळे झाल्यावर, मी आईला डॉज सिटीला नेलं. विचिटापासून पश्चिमेला अडीच-तीन तास. दोन्ही बाजूंना सपाट पिवळं गवत, मधूनच धान्याची उंच कोठारं. गाव जवळ आलं आणि गाडीच्या काचा बंद असूनही वास आला, गुरांच्या छावण्यांचा. तिथे आजही गुरं पोसली जातात आणि मांसाचे मोठे कारखाने आहेत. मी नाक दाबलं. आईने काच खाली केली. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिला ओळखीचा वास आला होता.

तिथला फ्रंट स्ट्रीट म्हणजे 1958 मध्ये पुन्हा उभारलेला देखावा आहे. आईला त्यात रस नव्हता, फौजदार इथे राहतच नाही हे कळल्यावर तर नाहीच. पण गावात एका लाँगहॉर्न बैलाचा ब्राँझचा पुतळा आहे, एल कॅपिटान नावाचा. त्याच्यापुढे ती बराच वेळ उभी होती. खिलार बैलाची शिंगं मागे जाऊन कमानीसारखी वर वळतात, याची दोन्ही बाजूंना आडवी पसरलेली. "ह्याला दारातनं गोठ्यात कसं न्यायचं?" तिने विचारलं. मी सांगितलं, गोठा नसतोच, ही उघड्यावरची गुरं. टेक्सासहून दोन-तीन महिने चालवत आणायचे, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर, इथे आगगाडीत भरायचे. राखणाऱ्या पोरांना महिन्याला तीस-चाळीस डॉलर. रात्री कळप बुजू नये म्हणून ती पोरं घोड्यावरून फिरत गाणी म्हणायची.

"म्हंजे गुराखीच की."

गुराखीच. मी इतकी वर्षं 'काऊबॉय' हा शब्द वापरत होतो, त्याचा अर्थ तिथे माझ्या ध्यानात आला.  ही सगळी विद्या मेक्सिकोकडच्या 'व्हॅकेरो' लोकांची. 'व्हाका' म्हणजे गाय, व्हॅकेरो म्हणजे गायीवाला. लॅसो, रोडिओ, रँच हे शब्दही त्यांचेच. आज डॉज सिटीच्या दुकानांत जाल तर इंग्रजीइतकीच स्पॅनिश ऐकू येते, आणि मला त्यात वावगं काही वाटत नाही. ज्यांची विद्या, ते परत आले.

आता तुमच्यापैकी काहींना वाटत असेल, की हा म्हातारा जुन्या काळाला देव मानून बसला आहे. नाही. या मालिकांनी जे दडपलं ते मला माहीत आहे. इतिहासकार सांगतात, की त्या कळपांबरोबर चालणाऱ्यांत चारातला एक जण कृष्णवर्णीय होता. पडद्यावर ते जवळजवळ दिसलेच नाहीत. 'रॉहाइड'मध्ये रेमंड सेंट जॅक या कृष्णवर्णीय नटाला कायमचं काम मिळालं ते 1965 मध्ये, मालिका बंद पडायच्या बेतात असताना. मूळ रहिवाशांची कामं गोरे नट तोंडाला रंग फासून करायचे. 'लोन रेंजर' मालिकेत नायकाचा मूळ रहिवासी साथीदार असलेल्या टोंटोचं काम करणारा जे सिल्व्हरहील्स खरा मोहॉक जमातीचा होता, कॅनडातल्या सिक्स नेशन्सच्या वस्तीत जन्मलेला, आणि त्याच्या तोंडी वर्षानुवर्षं मोडकी-तोडकी इंग्रजी घातली गेली. पुढे त्याने आपल्या लोकांतल्या नटांसाठी लॉस एंजलिसमध्ये कार्यशाळा काढली. मी स्वतः या देशात सावळ्या रंगाचा माणूस आहे. पडद्यावर कोणाला जागा आहे आणि कोणाला नाही, हे मला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

म्हणूनच विनंती करतो, की ते भागही लपवू नका. काही भाग गुपचूप यादीतून गायब झालेले मी पाहिले आहेत. सुरुवातीला चार ओळी लिहा, यात काय खोटं आहे आणि खरं काय होतं ते सांगा, आणि भाग पूर्ण दाखवा. सिल्व्हरहील्सचं काम बघा, त्याला दिलेल्या त्या दरिद्री वाक्यांमध्येसुद्धा तो कसा उभा राहतो ते बघा. तो भाग लपवलात तर तो माणूसच दुसऱ्यांदा नाहीसा होतो.

हक्क तुमचे आहेत हे मी जाणतो. कायद्याने काय काय करता येतं तेही. 'लोन रेंजर' साकारणारे क्लेटन मूर म्हातारपणीही त्या नायकाचा डोळ्यांवरचा मुखवटा लावून जत्रांना, इस्पितळांतल्या मुलांना भेटायला जायचे. 1979 मध्ये हक्क असलेल्या कंपनीने कोर्टाकडून त्यांना मुखवटा घालायला मनाई करून घेतली, कारण नव्या सिनेमासाठी नवा नट हवा होता. मूर यांनी काळा गॉगल लावला आणि जाणं सोडलं नाही. काही वर्षांनी मनाई उठली. लोकांना काय लक्षात राहिलं? ती कंपनी कोणाला आठवत नाही.

'बोनान्झा'चंही तसंच काहीतरी झालं आहे. तिचे काही जुने भाग हक्कमुक्त आहेत, पण शीर्षकसंगीत हक्कांत अडकलेलं. म्हणून स्वस्तातल्या डीव्हीडींवर जळणाऱ्या नकाशामागे भलतंच संगीत वाजतं. ज्याने ते लहानपणी ऐकलं त्याला हे, आरतीच्या शब्दांना दुसरीच चाल लावल्यासारखं वाटतं. बसून तोडगा काढण्याइतकी ही बाब लहान आहे.

तुमच्यातल्या एका वरिष्ठाने मनावर घेतलं तर काय होतं, याचा दाखला 'गनस्मोक'नेच दिलेला आहे. 1967 मध्ये सीबीएसने ती बंद करायचं ठरवलं होतं. वाहिनीचे प्रमुख विल्यम पेली यांनी तो निर्णय फिरवला, दुसरी एक मालिका काढून हिला सोमवारची वेळ दिली, आणि ती आणखी आठ वर्षं चालली. एकूण 635 भाग. एका माणसाच्या शब्दाने. पुढे 31 मार्च 1975 ला शेवटचा भाग लागला तेव्हा मात्र तो शेवटचा आहे हे कोणी सांगितलंच नाही. निरोपाचा भाग काढलाच नाही. 20 वर्षं ज्यांच्या घरात रोजच्यासारखे बसलात, तिथून उठताना 'येतो' म्हणायची रीत असते.

मला हवं आहे ते फार खर्चाचं नाही. मूळ लांबीचे भाग तुमच्या कपाटात आहेतच, डीव्हीडीवर ते निघालेले आहेत. वाहिनीवर जाहिराती हव्यात तर भाग 30 ऐवजी 35 मिनिटांच्या खिडकीत लावा, रात्री उशिराच्या वेळेत हे सहज जमतं. ते शक्य नसेल, तर 'हा भाग कापलेला आहे' एवढी पाटी तरी सुरुवातीला येऊ द्या. औषधाच्या बाटलीवर लिहिता, इथेही लिहा. चित्र पळवू नका. ओटीटीवर भाग ज्या क्रमाने पहिल्यांदा लागले त्या क्रमाने लावा. आणि उपशीर्षकं द्या. या मालिका बघणाऱ्यांतले पुष्कळ माझ्यासारखे आहेत, कानांनी थकलेले. इंग्रजी द्या, स्पॅनिश द्या. ज्यांनी ही विद्या शिकवली त्यांच्या भाषेत या गोष्टी नसाव्यात हे बरं नाही.

मराठीही मागतो. तुमच्या ओटीटीवर काही नव्या कामांना मराठी उपशीर्षकं मिळतात, मग जुन्याला का नाहीत? पहिल्या हंगामाच्या 39 भागांची मी लिहून देतो, पैसे नकोत. काम करताना एक गोष्ट पाळीन: जिथे कोणी बोलत नाही तिथे पडद्यावर काहीही लिहिणार नाही. ही शिस्त मला कार्पेटवर बसलेल्या बाईने लावली आहे.

हे वाचणाऱ्या मराठी मंडळींनाही सांगतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात इकडे आलेल्यांपैकी किती जणांच्या आई-वडिलांनी अशाच दुपारी काढल्या असतील. हिवाळा, बंद घर, न कळणारी भाषा आणि टीव्हीवर एक घोडा. तुमच्या घरी ते काय बघायचे आणि कोणाला काय नाव ठेवलं होतं, ते लिहून ठेवा. शक्य झालं तर या कंपन्यांनाही पाठवा.

आई एप्रिलमध्ये परत गेली. त्याच वर्षी, 26 सप्टेंबर 1987 ला, सीबीएसवर 'गनस्मोक'चा एक लांबलचक नवा चित्रपट लागला. म्हातारा मॅट, म्हातारी किटी, दोघांची पुन्हा भेट. डॉकचं काम करणारे मिलबर्न स्टोन वारले होते, फेस्टस झालेले केन कर्टिस त्यात नव्हते. मी दुसऱ्याच दिवशी आईला आंतरदेशीय पत्राच्या लांबीचं पत्र लिहिलं. फौजदार बरा आहे, केस पिकलेत. ती बाई परत आली होती. लग्न नाही झालं.

दीड महिन्याने उत्तर आलं, भाच्याकडून लिहून घेतलेलं. पाऊस कमी, ज्वारी बरी, मामांची तब्येत तशीच, अंगणातली गाय व्याली. लग्नाबद्दल एक शब्द नाही. शेवटी पानावर जागा संपत आल्यामुळे बारीक अक्षरात दोन प्रश्न होते. खेचरवाला कुठं गेला, आणि त्याच्या खेचराला आता कोण बघतं. आणि कडेला, उभ्या समासात, भाच्याने वळवून लिहिलेली एक ओळ: फौजदाराला सांग, थंडी सुरू झाली, उजवा पाय झाकून बसत जा.

आपला,
'गनस्मोक'चा एक प्रेक्षक
विचिटा, कॅन्सस